कोड बरोबर, आदेश खोटा : बांगलादेश बँक प्रकरण, फेब्रुवारी २०१६

परदेशात पैसे पाठवायचा फॉर्म भरताना सगळ्यात जास्त धास्ती असते ती स्विफ्ट कोडच्या रकान्याची. लोक दोन-दोनदा अक्षरं तपासतात, समोरच्याला फोन करून वाचून दाखवतात. काळजी घ्यायलाच हवी. पण या काळजीपोटी एक गैरसमज घट्ट बसलेला असतो, की कोड बरोबर असला म्हणजे व्यवहार सुरक्षित झाला. ग्राहकांचं सोडा, परकीय चलन विभागात वर्षानुवर्षं बसणारी माणसंही याच समजुतीवर काम करताना दिसतात. म्हणून हे प्रकरण नव्या माणसांपुढे मी आवर्जून मांडतो. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने ३५ आदेश न्यूयॉर्कला गेले. एकूण रक्कम ९५ कोटी १० लाख डॉलर. पाठवणाऱ्या बँकेचा कोड खरा, घेणाऱ्या बँकेचा खरा, पैसे ज्या बँकांत जायचे होते त्यांचेही खरे. आदेश मात्र सगळेच्या सगळे खोटे.

आधी कोडची ओळख करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिथेच अडतं. स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये बँकांनी मिळून स्थापन केलेली सहकारी संस्था. तिच्या जाळ्यातून पैसे जात नाहीत, निरोप जातात. पैसे हलतात ते बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांत. निरोप कोणी कोणाला धाडला हे ओळखायला प्रत्येक बँकेला एक कोड दिलेला असतो, तोच बीआयसी. त्याचं मानक आयएसओ ९३६२, आणि नोंदणीचं काम स्विफ्टकडेच. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, त्यापुढची दोन परंपरेने गावाची. झाली आठ. शाखा दाखवायची असेल तर आणखी तीन. शाखेऐवजी तीन 'एक्स' असले तर मुख्य कार्यालय समजायचं. स्टेट बँकेचा कोड एस-बी-आय-एन-आय-एन-बी-बी असा आहे. शेवटच्या चारांत आय-एन म्हणजे भारत आणि बी-बी म्हणजे जुनं बॉम्बे. मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या अनेक बँकांच्या कोडमध्ये हे शेपूट दिसेल.

इथेच एक घोटाळा नेहमी होतो. आपला आयएफएससीही अकरा अक्षरांचा आणि शाखेसह लिहिलेला बीआयसीही अकरा अक्षरांचा, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाला आयएफएससी कळवून आईवडील पैशांची वाट पाहत बसतात. ओळखायची खूण सोपी आहे. आयएफएससीचं पाचवं अक्षर कायम शून्य असतं. बीआयसीत पाचव्या-सहाव्या जागी देश असतो.

बांगलादेश बँकेचा कोड बी-बी-एच-ओ-बी-डी-डी-एच. बी-डी म्हणजे बांगलादेश, डी-एच म्हणजे ढाका. तिचं डॉलरचं खातं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत, जिचा कोड एफ-आर-एन-वाय-यू-एस-३३. ढाक्याहून या कोडवर निरोप गेला की फेडने खात्यातून पैसे काढून पुढे धाडायचे, असा हा रोजचा व्यवहार.

पहिल्यांदा आदेश परत आले होते

या प्रकरणातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. चोरांनी पाठवलेले ३५ आदेश फेडने आधी नाकारले होते. संशय आला म्हणून नव्हे. रॉयटर्सने त्याच वर्षी दिलेल्या वृत्तानुसार आदेशांची मांडणी सदोष होती आणि मध्ये लागणाऱ्या करस्पॉन्डंट बँकांची नावं त्यांत नव्हती.

डॉलर न्यूयॉर्कहून थेट मनिलाच्या एखाद्या शाखेत जात नाहीत. त्या बँकेचं डॉलर खातं अमेरिकेत कुठल्या बँकेकडे आहे ते सांगावं लागतं, आणि पैसे आधी तिथे जातात. ग्राहकाच्या खात्यात पैसे भरायच्या निरोपाला तेव्हा एमटी १०३ म्हणत. त्यात रकाना ५६ मध्यस्थ बँकेचा, ५७ ज्या बँकेत लाभार्थ्याचं खातं आहे तिचा, आणि ५९ खुद्द लाभार्थ्याचा. (नोव्हेंबर २०२५ पासून देशोदेशींच्या बँकांमधले असे निरोप आयएसओ २००२२ या नव्या मांडणीत जातात. रकान्यांची नावं बदलली, पण साखळी तीच राहिली.) साखळीतली एक कडी कोरी राहिली, तर यंत्रणा निरोप परत पाठवते. त्या दिवशीही तेच घडलं.

मग काही तासांत तेच आदेश पुन्हा आले, या वेळी नीट भरलेले. मध्यस्थ म्हणून न्यूयॉर्कमधल्या ओळखीच्या, मोठ्या बँका होत्या, आणि फेडने पाच आदेश पार पाडले.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. एका देशाची मध्यवर्ती बँक, जिचे या खात्यावर एरवी दिवसाला मोजकेच आदेश येतात, ती एका दिवसात ३५ पाठवते. सगळेच्या सगळे चुकीचे भरलेले. परत आल्यावर तीच बँक काही तासांत ते दुरुस्त करून पाठवते. त्यातल्या कित्येकांत लाभार्थी साधी खासगी माणसं आहेत. एखाद्या जुन्या कारकुनाने हा गठ्ठा हातात घेतला असता तर फोन उचलून 'ढाक्याला आज काय चाललंय?' एवढं तरी विचारलं असतं. यंत्रणेने मात्र प्रत्येक निरोप सुटा पाहिला. कोड जुळला, शिक्का जुळला, रकाने भरलेले आहेत, मग पुढे. ढाक्याच्या संगणकांच्या सुरक्षेवर खूप टीका झाली आणि ती योग्यच होती. फायरवॉल नव्हती, स्विच जुने आणि स्वस्तातले होते, असं तिथल्या तपास अधिकाऱ्यांनीच सांगितलं. तरी माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे ते न्यूयॉर्कच्या या काही तासांत. चूक सापडल्यावर ती 'दुरुस्त' होऊन आली की आपला संशय आपोआप विरतो, आणि हे कुठल्याही बँकेच्या काउंटरवर घडू शकतं.

खरा कोड चोरांच्या हाती कसा लागला

कोड गुप्त नसतो. तो कोणालाही शोधता येतो, पत्रांवर छापलेला असतो. गुप्त असतात त्या कोडच्या नावाने निरोप धाडायच्या किल्ल्या, पासवर्ड आणि बँकेतला तो संगणक. चोरांनी महिनोन्महिने आधी बँकेच्या जाळ्यात शिरून तो संगणक गाठला आणि अधिकाऱ्यांच्याच नावाने आत जाऊन आदेश टाकले. त्यामुळे स्विफ्टच्या दृष्टीने ते निरोप बांगलादेश बँकेनेच पाठवलेले होते.

त्यांनी तिथे जो घातक प्रोग्राम सोडला होता त्याचं विश्लेषण ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्स या कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला एक तपशील पाहण्यासारखा आहे. हा प्रोग्राम स्विफ्टच्या नोंदवहीत सतत एक ओळ शोधत होता. तिची सुरुवात 'एलटी' या अक्षरांनी, पुढे बांगलादेश बँकेची आठ अक्षरं, त्याला जोडून एक 'ए', आणि मग 'लॉग'. एलटी म्हणजे लॉजिकल टर्मिनल, बँकेच्या कोडवर उघडलेली निरोपांची खिडकी. नववं अक्षर 'ए' त्या खिडकीचं. बँकेचा माणूस खिडकी उघडतो कधी, बंद करतो कधी, हे चोर असं वाचत होते. ज्या कोडने बँक जगाला आपली ओळख देत होती, तोच त्यांनी पाळतीसाठी वापरला.

प्रोग्रामचं दुसरं काम पुसण्याचं होतं. खात्यातून पैसे गेले की फेडकडून एमटी ९०० हा डेबिट झाल्याचा निरोप येतो. असे निरोप डेटाबेसमधून काढून टाकायचे, शिल्लक आकड्यांत फेरफार करायचा, आणि प्रिंटरवर जाणारा कागद कोरा करायचा, अशी तजवीज केली होती. सॉफ्टवेअरच्या एका फाइलमधले फक्त दोन बाइट बदलून त्यांनी आतली एक तपासणी निकामी केली होती. ६ फेब्रुवारीच्या सकाळी सहापर्यंत चालत राहायचं, असं त्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं होतं. म्हणजे किती वेळ लागेल याचा हिशोब आधीच झालेला होता.

प्रिंटर, शुक्रवार आणि सोमवार

बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी. न्यूयॉर्कला शनिवार-रविवार. आणि सोमवार, ८ फेब्रुवारी, म्हणजे चिनी नववर्ष, त्या दिवशी फिलिपाइन्समध्ये बँका बंद. तीन देशांच्या सुट्ट्या एकीला एक लागून येतील असा गुरुवार चोरांनी निवडला.

शुक्रवारी सकाळी ढाक्याच्या कार्यालयात आलेल्या अधिकाऱ्याला दिसलं, की रात्रभरात आपोआप छापून पडायचे ते निरोप पडलेलेच नाहीत. प्रिंटर बिघडला असेल, हा तिथला साहजिक अंदाज. प्रिंटर तसे बिघडतातच. शनिवारी स्विफ्टचं सॉफ्टवेअर सुरू करायला गेले, तर पडद्यावर संदेश आला की एक फाइल गायब आहे किंवा बदलली गेली आहे. खटपट करून दुपारी निरोप छापून घेतले, तेव्हा फेडने विचारलेल्या शंका हातात पडल्या. मग ई-मेल, फॅक्स, फोन असा सगळा आटापिटा झाला, पण न्यूयॉर्कला तोवर सुट्टी लागली होती.

तो प्रिंटर हाच तिथला स्वतंत्र साक्षीदार होता. पडद्यावरची नोंद बदलता येते, कागदावर एकदा छापलेली बदलता येत नाही, म्हणून तर चोरांनी तो आधी गप्प केला. आपल्याकडच्या कितीतरी शाखांत रोजची छापील प्रत फाइल होते पण कोणी वाचत नाही, हे मला इथे सांगावंसं वाटतं. कागद पडला नाही तर कोणाला तरी चैन पडता कामा नये.

पाच गेले, तीस का थांबले?

थांबवले ते कोडने नव्हे, शब्दांनी. पैसे जायचे होते मनिलातल्या आरसीबीसी या बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीटवरच्या शाखेत. 'ज्युपिटर' नावाची एक जहाज कंपनी आणि तेलवाहू जहाज इराणवरच्या निर्बंधांमुळे अमेरिकेच्या यादीत होतं. या प्रकरणाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण यादीशी शब्द जुळला, आदेश बाजूला काढले गेले, माणसांनी ते वाचले आणि बाकी गोष्टी खटकायला लागल्या. ३० आदेश, ८५ कोटी डॉलर, असे वाचले.

पाचातला एक, २ कोटी डॉलरचा, श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावावर होता. तिच्या नावात 'फाउंडेशन' ऐवजी 'फँडेशन' असं लिहिलं होतं. वाटेतल्या डॉइश बँकेने खुलासा मागितला. कोलंबोच्या बँकेलाही एवढी रक्कम अशा खात्यावर येणं विचित्र वाटलं. पैसे परत गेले. उरलेले चार मनिलाला पोचले: ६०, ३००, २०० आणि २५० लाख डॉलर, मिळून ८ कोटी १० लाख. चारही खाती मे २०१५ मध्ये प्रत्येकी ५०० डॉलर भरून बनावट नावांनी उघडलेली होती आणि तेव्हापासून पडून होती.

बँकांची यंत्रणा कोड आणि खाते क्रमांक पाहून पैसे जमा करते, लाभार्थ्याचं नाव पुष्कळदा कोणी ताडून पाहत नाही, हे सामान्य ग्राहकाला माहीत नसतं. आपण नाव लिहितो आणि समजतो की नाव जुळल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. इथे ३० आदेश वाचले ते रस्त्याच्या नावाने आणि एक वाचला शुद्धलेखनाने. दोन्ही योगायोग. ज्या ठिकाणी नियमाने पकडायला हवं होतं, तिथे सगळं सुरळीत पार पडलं.

परत मागवण्याची विनंती

सोमवारी ढाक्याहून मनिलाला पैसे थांबवा म्हणून निरोप गेला. तिकडे सुट्टी. मंगळवारी, ९ फेब्रुवारीला, निरोप बँकेत आलेला असतानाही त्या शाखेतून सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर बाहेर काढले गेले. पैसे पेसोत बदलले गेले आणि कॅसिनोंमध्ये गेले. फिलिपाइन्सच्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्यात तेव्हा कॅसिनो येत नव्हते, ती दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. तिथे माग संपला.

पैसे रद्द करायचा निरोप, जुन्या भाषेत एमटी १९२, ही विनंती असते, आज्ञा नव्हे. समोरच्या बँकेने पैसे खात्यात जमा केले असतील, तर त्या देशाचा कायदा आणि त्या बँकेची तत्परता यावर सगळं अवलंबून. आपल्या शाखेत 'साहेब, तेवढं कॅन्सल करा ना' म्हणून येणाऱ्यांना हे समजावताना फार जड जातं. पण खरं ते सांगावंच लागतं.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारीच्या शेवटी फिलिपाइन्सच्या वृत्तपत्रात बातमी फुटेपर्यंत जगाला पत्ता नव्हता. १५ मार्च २०१६ रोजी बांगलादेश बँकेचे गव्हर्नर अतिउर रहमान यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये आरसीबीसीला फिलिपाइन्सच्या मध्यवर्ती बँकेने १०० कोटी पेसोंचा दंड ठोठावला. जानेवारी २०१९ मध्ये त्या शाखेच्या व्यवस्थापक महिलेला मनी लॉन्डरिंगच्या आठ आरोपांत शिक्षा झाली. अमेरिकेने २०१८ मध्ये या चोरीच्या संदर्भात उत्तर कोरियाच्या एका संगणक तज्ज्ञावर आरोपपत्र ठेवलं. एका कॅसिनो मध्यस्थाकडून मिळालेले सुमारे दीड कोटी डॉलर २०१६ मध्येच ढाक्याला परत मिळाले. उरलेल्यांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

मुंबई आणि पुणे

हे आपल्यापासून दूर घडलं असं कोणी म्हणू नये. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या युनियन बँक ऑफ इंडियाच्या नावाने तसेच खोटे आदेश गेले, १७ कोटी १० लाख डॉलरचे. पद्धत मिळतीजुळती. निकाल मात्र उलटा लागला आणि सगळे पैसे परत आले. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नॉस्ट्रो खात्याचा ताळमेळ घालताना आपण न पाठवलेली रक्कम गेल्याचं बँकेच्या माणसाच्या लक्षात आलं. परदेशी बँकेतलं आपलं खातं त्यांच्या बाजूने काय दाखवतं आणि आपली वही काय दाखवते, हे रोज ताडून पाहणं हे अतिशय कंटाळवाणं काम. या कामाला बँकांत प्रतिष्ठा नाही, बढती तर त्याहून नाही. पण ढाका आणि मुंबई यांच्यातला फरक त्या कामाने घडवला.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी ४२ लाख रुपयांची चोरी झाली, तेव्हा जगभरच्या एटीएममधून पैसे काढल्याची चर्चा जास्त झाली. पण त्यातले १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टच्या निरोपाने हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यात गेले होते. तिथेही कोडमध्ये काही चूक नव्हती.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना किमान तीनदा सावध केलं होतं. त्यानंतर स्विफ्ट आणि कोअर बँकिंग, म्हणजे बँकेची खाती सांभाळणारी मुख्य संगणक यंत्रणा, एकमेकांना जोडण्याची मुदत घालून दिली, म्हणजे वहीत नोंद नसलेला आदेश बाहेर पडूच नये. मार्च २०१९ मध्ये स्विफ्टविषयीच्या सूचना न पाळल्याबद्दल ३६ बँकांना दंड झाला. स्विफ्टनेही २०१६ मध्ये सभासद बँकांसाठी सुरक्षेची सक्तीची नियमावली आणली, आणि २०१७ पासून प्रत्येक व्यवहाराला माग काढता येईल असा स्वतंत्र ३६ अक्षरी क्रमांक, यूईटीआर, देण्याची सोय सुरू केली.

आपल्या टेबलावर

द्राक्षं, बेदाणा, सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या किंवा कच्चा माल मागवणाऱ्या छोट्या कंपन्यांना या प्रकरणातून घेण्यासारखं बरंच आहे. सर्वांत मोठा धोका असतो तो 'आमची बँक बदलली, आता या खात्यावर पैसे पाठवा' अशा ई-मेलचा. त्यात दिलेला बीआयसी अस्सलच असतो, कारण खोट्या कोडवर पैसे पोचतच नाहीत. म्हणून कोड खरा आहे का हे पाहण्यात वेळ घालवू नका, तो कुठला आहे ते पाहा. पाचवं-सहावं अक्षर वाचा. पुरवठादार जर्मनीतला आणि कोडमध्ये डी-ई ऐवजी एच-के असेल, तर हाँगकाँगला पैसे का, हा प्रश्न विचारल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका.

विचारायचं तेही त्या ई-मेलला उत्तर देऊन नाही, आणि त्यात दिलेल्या नंबरवर तर मुळीच नाही. जुन्या बिलावरचा, आधी ज्यावर बोलणं झालं आहे तो नंबर लावा. भारतात एनईएफटी-आरटीजीएस करताना लाभार्थ्याचं नाव आधी दिसायची सोय एप्रिल २०२५ पासून आली, तशी सोय परदेशी व्यवहारात सगळीकडे मिळेल हे गृहीत धरू नका. पैसे गेले की बँकेकडून निरोपाची प्रत आणि यूईटीआर मागून घ्या. बँक ते देते, फक्त कोणी मागत नाही. गडबड लक्षात आली तर त्याच तासाला, तो क्रमांक हातात घेऊन, शाखेऐवजी थेट बँकेच्या परकीय चलन विभागाला गाठा आणि त्याच वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि नव्या खात्यावर पहिल्यांदाच मोठी रक्कम पाठवायची असेल, तर ती आठवड्याच्या सुरुवातीला, दोन्ही देशांच्या बँका उघड्या असताना पाठवा.